मुलीची पाळी अनियमित का होते? कारण शोधण्याची रीत

मुलीची पाळी वेळेवर येत नाही असे आईच्या लक्षात आले की घरात बहुधा दोनपैकी एक गोष्ट घडते. 'या वयात असेच असते, लग्न झाले की सगळे सुरळीत होईल' असे कोणीतरी वडीलधारी सांगते आणि विषय मिटतो, नाहीतर शेजारच्या कोणाच्या तरी सल्ल्यावरून मुलीला थेट सोनोग्राफीला नेले जाते. या दोन्ही मार्गांत एक पायरी राहून जाते, ती म्हणजे पाळी खरोखरच अनियमित आहे का हे मोजून पाहण्याची. किशोरवयात पाळी मागेपुढे होण्याची कारणे पुष्कळ आहेत, त्यांतली बरीचशी निरुपद्रवी आणि थोडी गंभीर आहेत. परंतु कोणते कारण कोणत्या मुलीला लागू पडते हे तीन गोष्टी हाताशी असल्याखेरीज कळत नाही: पाळ्यांच्या तारखा, पहिली पाळी आल्याला झालेली वर्षे, आणि सोबतची लक्षणे. या तिन्ही गोष्टी घरीच जमवता येतात.

आधी दिवस मोजा

रक्तस्राव सुरू झाला तो दिवस म्हणजे चक्राचा पहिला दिवस, आणि तेथपासून पुढच्या रक्तस्रावाच्या पहिल्या दिवसापर्यंतचे अंतर म्हणजे एक चक्र. पाळी संपल्यापासून पुढची सुरू होईपर्यंतचे दिवस मोजण्याची चूक अनेकजणी करतात, त्यामुळे अंतर चारपाच दिवसांनी कमी भरते आणि 'फार लवकर येते' असा ग्रह होतो. दुसरा गैरसमज तारखेचा. पाळी दर महिन्याला त्याच तारखेला यायला हवी असे काही नाही. एखाद्या मुलीला महिन्याच्या २ तारखेला आणि पुन्हा ३० तारखेला पाळी आली, तर 'महिन्यातून दोनदा आली' म्हणून घर हवालदिल होते. प्रत्यक्षात ते २८ दिवसांचे अगदी सरळ चक्र असते.

नोंदीसाठी स्वयंपाकघरात टांगलेले कालनिर्णय चालते, पण घरातल्या सगळ्यांच्या नजरेसमोर खूण करायला मुलगी संकोचत असेल तर तिला स्वतःची छोटी वही द्यावी किंवा मोबाइलवर नोंद ठेवू द्यावी. नोंद तिने स्वतः करावी, आईने नव्हे. आपल्या शरीराचा हिशेब आपल्याकडे असण्याची सवय याच वयात लागते. पहिला दिवस, एकूण किती दिवस रक्त गेले, सर्वांत जास्त स्राव असलेल्या दिवशी किती पॅड किंवा कपडे बदलले, आणि त्या महिन्यात काही वेगळे घडले का, म्हणजे ताप, परीक्षा, प्रवास, नवे औषध, एवढे चार रकाने पुरेत. निदान तीन आणि शक्य असल्यास सहा पाळ्यांची अशी नोंद झाली की अंदाजाने बोलण्याची गरज उरत नाही.

एक उदाहरण पाहू. तेरा वर्षांच्या एका मुलीची पाळी ३ जून, १० जुलै, १८ ऑगस्ट आणि १४ सप्टेंबर अशी आली, असे समजा. तारखा पाहून कोणीही म्हणेल की काहीच ताळमेळ नाही. अंतरे काढली तर ती ३७, ३९ आणि २७ दिवस भरतात. ती मुलगी पहिल्या पाळीपासून वर्षा-दोन वर्षांच्या आत असेल, तर या तिन्ही अंतरांत चिंतेचे काही नाही. हीच अंतरे एकोणीस वर्षांच्या मुलीची असती, तर ३७ आणि ३९ या आकड्यांकडे जरा थांबून पाहावे लागले असते. आकडे तेच असताना त्यांचा अर्थ का बदलतो, हे आता पाहू.

पहिल्या पाळीला किती वर्षे झाली?

पाळीचे चक्र मेंदूपासून सुरू होते. मेंदूतील हायपोथॅलॅमस हा भाग ठरावीक लयीत एक संप्रेरक (हार्मोन) सोडतो, त्याच्या इशाऱ्यावर पियुषिका ग्रंथी दोन संप्रेरके रक्तात पाठवते, आणि त्यांच्यामुळे बीजांडकोशात स्त्रीबीज वाढून इस्ट्रोजेन तयार होते. स्त्रीबीज बाहेर पडले की मागे उरलेल्या भागातून प्रोजेस्टेरॉन स्रवते, आणि गर्भ राहिला नाही तर दोन आठवड्यांनी त्याची पातळी उतरून गर्भाशयाचे अस्तर एकदम गळून पडते. हीच पाळी. पहिली पाळी आली म्हणजे ही साखळी पूर्णपणे जुळली असा समज आहे, पण तसे नसते. सुरुवातीच्या वर्ष-दोन वर्षांत कित्येक चक्रांत स्त्रीबीज बाहेरच पडत नाही, म्हणून प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही, आणि एकट्या इस्ट्रोजेनच्या प्रभावाखाली अस्तर जाड होत राहते. मग ते केव्हातरी, कधी पाच आठवड्यांनी तर कधी दोन महिन्यांनी, तुकड्यातुकड्याने गळू लागते. अशा वेळी पाळी उशिरा येते, पण आल्यावर बरेच दिवस चालते आणि जास्तही जाते. किशोरवयातील अनियमित पाळीचे हे सर्वांत नेहमीचे कारण आहे, आणि त्याला वेळ हाच उपाय असतो.

परंतु हा वेळ किती द्यायचा याला मर्यादा आहे. पहिल्या वर्षात दोन पाळ्यांमधले सरासरी अंतर सुमारे ३२ दिवस असते, आणि त्यात मोठे चढउतार होणे हा वाढीचाच भाग मानला जातो. पहिले वर्ष संपल्यानंतर तिसऱ्या वर्षाअखेरपर्यंत २१ ते ४५ दिवसांचे अंतर चालते. तीन वर्षे उलटल्यावर हे अंतर प्रौढ स्त्रीप्रमाणे २१ ते ३५ दिवसांच्या आत यायला हवे. आणि पहिल्या वर्षानंतर केव्हाही सलग ९० दिवस पाळी आली नाही, मग ते एकदाच का घडलेले असेना, तरी 'वाट पाहू' म्हणणे थांबवून डॉक्टरांना दाखवावे. अमेरिकेतील प्रसूती व स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ साली असे सुचवले की किशोरवयीन मुलींच्या बाबतीत पाळीकडे नाडी, रक्तदाब यांच्याप्रमाणेच प्रकृतीची एक मूळ खूण म्हणून पाहावे. हे सूत्र मला फार उपयोगी वाटते, कारण पाळी बिघडली की बहुतेक वेळा बिघाड गर्भाशयात नसून दुसरीकडे कोठेतरी असतो.

पाळी मुळीच सुरू न होणे हा थोडा वेगळा प्रश्न आहे. वयाच्या तेराव्या वर्षापर्यंत स्तनांची वाढ सुरू झाली नसेल, किंवा ती सुरू होऊन तीन वर्षे झाली तरी पाळी आली नसेल, किंवा पंधरावे वर्ष पूर्ण झाले तरी पाळी आली नसेल, तर तपासणी हवी. त्यातही एक गोष्ट आवर्जून लक्षात ठेवण्याजोगी आहे. एखाद्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलीच्या ओटीपोटात दर महिन्याला तीनचार दिवस कळा येतात आणि आपोआप थांबतात, रक्त मात्र कधीच दिसत नाही, असे असेल तर पाळी आत सुरू झालेली असूनही योनिमार्गाच्या तोंडाशी असलेला पडदा जन्मतः बंद असल्याने रक्त आतच साचत असण्याची शक्यता असते. अशा मुली पोटदुखी म्हणून जंताच्या आणि पित्ताच्या गोळ्या घेत महिने काढतात. छोट्या शस्त्रक्रियेने हा दोष दूर होतो.

खाणे, वजन, सराव आणि परीक्षा

साखळीची सुरुवात मेंदूत असल्यामुळे, शरीराला पुरेसे अन्न मिळत नाही किंवा ताण सोसवत नाही असे मेंदूला जाणवले की तो पाळी लांबवतो किंवा बंद करतो. बारीक होण्यासाठी रात्रीचे जेवण सोडलेली मुलगी, पोलीस भरतीसाठी पहाटे मैदानावर धावून नुसत्या चहा-बिस्किटांवर दुपारपर्यंत राहणारी मुलगी, कबड्डीच्या निवड शिबिरात दिवसाचे दोन सराव करणारी खेळाडू, आणि नीटच्या तयारीसाठी लातूरला खोली घेऊन राहिलेली, मेसचे जेवण न रुचल्याने अर्धा डबा परत पाठवणारी विद्यार्थिनी, या चौघींच्या पाळ्या एकाच कारणाने थांबू शकतात: जितकी ऊर्जा खर्च होते तितकी आत जात नाही. व्यायाम वाईट नाही, आणि मुलीने खेळ सोडावा असा निष्कर्ष तर मुळीच काढू नये. खेळाच्या प्रमाणात खाणे वाढवणे हा उपाय आहे. चार-सहा महिन्यांत वजन किती उतरले, ती जेवताना घरच्यांसोबत बसणे टाळते का, जेवल्यावर लगेच न्हाणीघरात जाते का, आरशात स्वतःला जाड म्हणते का, याकडे शांतपणे पाहावे. उत्तरे खटकणारी असतील तर स्त्रीरोगतज्ज्ञांइतकीच मानसोपचारतज्ज्ञांचीही मदत लागते.

ही पाळी नुसती 'ताणामुळे थांबली' म्हणून सोडून देता येत नाही. इस्ट्रोजेनची पातळी महिनोन्महिने खाली राहिली तर हाडे ठिसूळ होऊ लागतात, आणि आयुष्यभर पुरणारी हाडांची मजबुती मुख्यतः याच वयात साठवली जाते. दहावी-बारावीच्या परीक्षेच्या महिन्यात एक पाळी पुढे गेली तर ते सोडून द्यावे. शेवटच्या पाळीला ९० दिवस उलटले तरी पुढचीचा पत्ता नसेल तर मात्र सोडून देऊ नये.

याच्या उलट टोकाला वाढलेले वजन असते. चरबीच्या पेशींमध्येही इस्ट्रोजेन तयार होते, शिवाय वजन वाढले की इन्सुलिनचे काम नीट होत नाही आणि रक्तातील वाढलेले इन्सुलिन बीजांडकोशाला पुरुषी संप्रेरके अधिक बनवायला लावते. यातून आपण त्या शब्दाकडे येतो, जो आजकाल प्रत्येक अनियमित पाळीला सरसकट चिकटवला जातो.

पीसीओडी: सर्वांत जास्त ऐकू येणारे आणि सर्वांत घाईने दिले जाणारे नाव

बोलीत पीसीओडी आणि वैद्यकीय लिखाणात पीसीओएस म्हटली जाणारी, पुरुषी संप्रेरके वाढून पाळी बिघडण्याची ही अवस्था खरी आहे, नेहमी आढळणारी आहे आणि दुर्लक्ष करण्याजोगी नाही. पण किशोरवयात तिचे निदान ज्या पद्धतीने होते ती पद्धत अनेकदा चुकीची असते. सोळा वर्षांच्या मुलीची सोनोग्राफी होते, अहवालात 'दोन्ही बीजांडकोश आकाराने मोठे, कडेने अनेक लहान गाठी' असे लिहून येते, आणि त्या एका ओळीवर घरात रडारड सुरू होते. त्या 'गाठी' म्हणजे बहुतेक वेळा वाढीच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर थांबलेल्या स्त्रीबीजांच्या कोशिकाच असतात, आणि या वयात निरोगी मुलींच्या बीजांडकोशांतही त्या पुष्कळ दिसतात. म्हणूनच पीसीओएसविषयीची २०२३ सालची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात की पहिल्या पाळीपासून आठ वर्षे होईपर्यंत सोनोग्राफीच्या आधारे हे निदान करू नये. तेराव्या वर्षी पाळी सुरू झालेल्या मुलीच्या बाबतीत याचा अर्थ एकविसाव्या वर्षापर्यंत.

मग निदान कशावरून करायचे? किशोरवयात दोन गोष्टी एकत्र असाव्या लागतात: वर सांगितलेल्या वर्षांच्या हिशेबाने पाळी खरोखर अनियमित असणे, आणि पुरुषी संप्रेरकांचा प्रभाव शरीरावर किंवा रक्ततपासणीत दिसणे. हनुवटीवर, ओठांवर, छातीच्या मध्यभागी किंवा बेंबीखाली जाड काळे केस येणे, उपचारांना दाद न देणारी मुरुमे, आणि डोक्यावरचे केस विरळ होणे ही ती चिन्हे. हातापायांवर मऊ लव असणे हे त्यात मोडत नाही. दोहोंपैकी एकच गोष्ट असेल तर मुलीला 'धोका असलेली' समजून लक्ष ठेवायचे आणि काही वर्षांनी पुन्हा तपासायचे, असा या तत्त्वांचा सल्ला आहे. मला हा सल्ला शहाणपणाचा वाटतो, कारण सोळाव्या वर्षी लागलेला शिक्का पुढे लग्नाच्या बैठकीपर्यंत मुलीचा पाठलाग करतो.

आणखी एक खूण अशी आहे जी प्रत्येक आईने एकदा नजरेखालून घालावी. मुलीची वेणी बाजूला करून मानेची मागची बाजू पाहावी. तेथे, आणि काखेत, काळसर, किंचित जाड, मखमलीसारखी लागणारी त्वचा दिसत असेल तर तो मळ नव्हे. घासणीने खरवडून, लिंबू किंवा बेसन चोळून ती जात नाही, उलट सोलवटून निघते. आणि 'नीट आंघोळ करत नाहीस' म्हणून मुलीला उगाच बोलणी बसतात. इन्सुलिनचा प्रभाव कमी पडत असल्याची ती बाहेर दिसणारी खूण असते, आणि तिच्यासोबत पाळी लांबत असेल तर साखरेची तपासणी करून घ्यावी. आई-वडिलांपैकी कोणाला मधुमेह असल्यास तर नक्कीच. वजन जास्त असलेल्या मुलींमध्ये पाच ते दहा टक्के वजन उतरले तरी पाळी पुष्कळदा मार्गावर येते. मात्र सडपातळ मुलींनाही पीसीओएस असू शकतो, आणि त्यांना 'वजन कमी कर' म्हणणे निरर्थक आहे.

पुरुषी लक्षणे काही महिन्यांतच झपाट्याने वाढत असतील, आवाज घोगरा होत असेल, तर तो साधा पीसीओएस समजू नये. अधिवृक्क (मूत्रपिंडावरील) ग्रंथीचा किंवा बीजांडकोशाचा दुसरा आजार त्यामागे असू शकतो आणि त्याची तपासणी लांबवू नये.

थायरॉइड आणि इतर आजार

थायरॉइड मंदावले की पाळी अनियमित होते आणि बहुधा जास्त जाते. ते वाढले की पाळी कमी होते किंवा लांबते. सतत थकवा, बद्धकोष्ठता, कोरडी त्वचा, थंडी सहन न होणे, खुंटलेली उंची ही पहिल्या प्रकारची लक्षणे. धडधड, घाम, हात थरथरणे, खाऊनही वजन उतरणे ही दुसऱ्या प्रकारची. टीएसएच ही एकच रक्ततपासणी याचा बहुतांश उलगडा करते, म्हणून ती यादीत पहिल्या क्रमांकावर असते.

पियुषिका ग्रंथीतून प्रोलॅक्टिन हे संप्रेरक जास्त स्रवू लागले तरी पाळी थांबते. स्तनांतून दुधासारखा स्राव येणे, वारंवार डोके दुखणे, बाजूचे कमी दिसणे ही त्याची लक्षणे आहेत. कुमारिकेच्या बाबतीत स्तनांतून स्राव येतो हे सांगायला मुली आणि आया दोघीही धजावत नाहीत, म्हणून येथे मुद्दाम लिहिले: डॉक्टरांना हे सांगितलेच पाहिजे.

आपल्याकडे क्षयरोग विसरून चालत नाही. वजन घटणे, संध्याकाळचा बारीक ताप, भूक न लागणे आणि त्यासोबत पाळी अगदी थोडी जाणे किंवा बंद होणे, असे दिसले तर त्या दिशेने तपासणी व्हावी. उपचार सरकारी दवाखान्यांत विनामूल्य मिळतात. आटोक्यात नसलेला मधुमेह, मूत्रपिंडाचे जुने दुखणे, आतड्यांचे अन्न न शोषण्याचे आजार यांनीही पाळी लांबते. क्वचित एखाद्या मुलीचे बीजांडकोश अकालीच काम करणे सोडतात किंवा जन्मतः अपुरे असतात. विशेषतः उंची फार कमी असेल तर डॉक्टर गुणसूत्रांची तपासणी सुचवतात.

औषधे, आणि सणासुदीच्या गोळ्या

मळमळीवर दिली जाणारी डोमपेरिडोन आणि मेटोक्लोप्रमाइड, मानसिक आजारांवरचे रिस्पेरिडोन, फिट्सवरचे व्हॅल्प्रोएट, दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड्स, यांपैकी कशानेही चक्र बिघडू शकते. म्हणून औषधांची चिठ्ठी जपून ठेवावी, पण डॉक्टरांना न विचारता औषध बंद करू नये. फिट्सचे औषध अचानक थांबवणे पाळी चुकण्यापेक्षा कितीतरी धोकादायक असते.

आपल्या घरांमध्ये याहून जास्त आढळणारे कारण वेगळेच आहे. गौरी-गणपती, सत्यनारायण, घरचे लग्न किंवा देवदर्शनाची सहल जवळ आली की मेडिकलमधून पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या आणल्या जातात आणि चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीलाही त्या दिल्या जातात. त्यांत नॉरएथिस्टेरॉन हे संप्रेरक असते. अपेक्षित तारखेच्या साधारण तीन दिवस आधीपासून ती गोळी घेतली जाते, आणि बंद केल्यावर दोनतीन दिवसांत रक्तस्राव सुरू होतो. ज्या मुलीचे चक्र अजून बसलेलेच नाही तिची अपेक्षित तारीख सांगणार कोण? मग गोळी भलत्या वेळी सुरू होते, मध्येच ठिपके-ठिपके रक्त जाते, नंतरची पाळी जास्त जाते, आणि दोन महिन्यांनी तीच मंडळी 'हिची पाळी अनियमित का' असे विचारत दवाखान्यात येतात. रक्ताच्या गुठळ्या होण्याचा कौटुंबिक इतिहास, यकृताचा आजार किंवा तीव्र अर्धशिशी असेल तर या गोळ्या घातकही ठरू शकतात. देवाधर्माच्या कामात पाळी अडचण मानायची की नाही हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न. पण त्यासाठी वाढत्या मुलीच्या संप्रेरकांशी डॉक्टरांना न विचारता खेळ करावा, हे मला पटत नाही.

घरगुती उपायांविषयी थोडक्यात. तीळ-गूळ, ओव्याचे पाणी, पपई हे अन्न म्हणून चांगलेच आहेत, पण त्यांनी थांबलेली पाळी सुरू होते याला पुरावा नाही. घटक ठाऊक नसलेला काढा आणि 'पाळी आणणारी' म्हणून हातात पडलेली कोणतीही गोळी मात्र देऊ नये. त्या नावाखाली गर्भपाताची औषधेही विकली जातात.

पाळी जास्त जात असेल तर

तारखा मागेपुढे होण्यापेक्षा अतिरक्तस्राव अधिक तातडीचा आहे, आणि मुली तो लपवतात. दोन पॅड एकावर एक लावणे, शाळेत गडद रंगाची ओढणी कमरेला बांधून फिरणे, रात्री अंथरुणाखाली प्लॅस्टिक घालून झोपणे, पाळीच्या दुसऱ्या दिवशी हटकून शाळा बुडवणे, अशा गोष्टी घरातल्यांना दिसत असतात पण त्यांचा अर्थ लावला जात नाही. साधारणपणे पाळी सात दिवसांच्या आत संपावी आणि दिवसाला तीन ते सहा पॅड पुरावेत. सात दिवसांहून अधिक रक्त जाणे किंवा दहा रुपयांच्या नाण्याएवढ्या वा त्याहून मोठ्या गाठी पडणे हे डॉक्टरांना दाखवण्याचे कारण आहे. दर तासा-दोन तासाला पॅड पूर्ण भिजत असेल, उभे राहताच चक्कर येत असेल किंवा धाप लागत असेल, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयात न्यावे. पाळी थांबेपर्यंत ॲस्पिरिन असलेली वेदनाशामके देऊ नयेत.

पहिल्याच पाळीपासून असा भरपूर स्राव होत असेल तर रक्त गोठण्यातील दोषाचा विचार करावा लागतो. व्हॉन विलेब्रांड हा त्यांतला सर्वांत जास्त आढळणारा आनुवंशिक आजार. नाकातून वारंवार रक्त येणे, हिरड्यांतून येणे, किरकोळ धक्क्याने काळेनिळे डाग पडणे, दात काढल्यावर रक्त लवकर न थांबणे, आणि आई, मावशी किंवा आत्यालाही पाळी फार जात असणे, या पाच प्रश्नांची उत्तरे डॉक्टरांनी विचारले नाही तरी त्यांना सांगावीत. रक्त गोठण्याच्या नेहमीच्या तपासण्या या आजारात चक्क बरोबर येऊ शकतात, म्हणून त्यावर थांबू नये.

रक्त वाया जात राहिले की रक्तक्षय होतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) देशातील १५ ते १९ वयोगटातल्या सुमारे ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर शाळेत आठवड्यातून एकदा मिळणारी निळी गोळी पुरत नाही. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह असते आणि ती प्रतिबंधासाठी आहे. उपचाराची मात्रा रोजची आणि काही महिन्यांची असते. गोळी चहासोबत घेऊ नये, लिंबू किंवा आवळ्यासोबत घ्यावी, आणि शौचाचा रंग काळा झाला तर घाबरू नये.

गर्भधारणेची शक्यता

पाळी नियमित असलेल्या मुलीची एक पाळी चुकली तर डॉक्टर लघवीची गर्भतपासणी करतात. त्यात मुलीच्या चारित्र्यावर संशय नसतो. सोनोग्राफी किंवा संप्रेरकाची गोळी देण्याआधी ही शक्यता तपासणे हा वैद्यकीय शिस्तीचा भाग आहे. आपत्कालीन गर्भनिरोधक गोळीनेही पुढची पाळी आठवडाभर मागेपुढे होते आणि मध्ये ठिपके दिसतात. मुलगी अठरा वर्षांखालील असून गर्भवती असेल, तर बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या पोक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. मात्र मुलीने आणि पालकांनी विनंती केल्यास तिची ओळख त्या माहितीत उघड न करण्याची मुभा सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये दिली. अल्पवयीन मुलीचा गर्भपात पालकाच्या लेखी संमतीने २४ आठवड्यांपर्यंत कायदेशीर आहे. भीतीपोटी गुपचूप उपाय करण्यात जीव जाण्याचा धोका असतो, म्हणून हे माहीत असावे.

डॉक्टरांकडे जाताना

नोंदवही, चालू असलेल्या सर्व औषधांची यादी (काढे व होमिओपॅथीसह) आणि गेल्या वर्षातले वजन एवढे बरोबर न्यावे. आईने सोबत जावे, पण काही मिनिटे मुलीला डॉक्टरांशी एकटीने बोलू द्यावे. अविवाहित मुलीची आतून तपासणी बहुतेक वेळा करावी लागत नाही, आणि सोनोग्राफी पोटावरून, लघवी भरलेली असताना करता येते. हे आधी सांगितले तर मुलीची निम्मी भीती जाते. हिमोग्लोबिन, टीएसएच, प्रोलॅक्टिन, गरजेनुसार टेस्टोस्टेरॉन आणि साखर, एवढ्या तपासण्यांत बहुतेकींचा प्रश्न उलगडतो. लांबलचक 'हार्मोन पॅकेज' हातात ठेवले गेले, तर कोणती तपासणी कशासाठी आहे हे विचारण्यात संकोच नको. खर्चाची अडचण असेल तर ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयांतील किशोरवयीनांसाठीची 'मैत्री' क्लिनिके आहेत. तेथपर्यंत कसे पोहोचायचे हे आशाताई सांगू शकतात.

उपचार कारणानुसार ठरतो. कित्येकींना फक्त लोह आणि सहा महिन्यांनी पुन्हा भेट पुरते. तीन-तीन महिने पाळी न येणाऱ्या मुलीला अस्तर फार जाड होऊ नये म्हणून अधूनमधून प्रोजेस्टेरॉन दिले जाते, जास्त स्राव थांबवण्यासाठी ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, आणि पीसीओएसमध्ये काही वेळा गर्भनिरोधक गोळ्या किंवा मेटफॉर्मिन. गर्भनिरोधक गोळ्यांनी पुढे मूल होत नाही ही भीती निराधार आहे. मात्र या गोळ्यांवर येणारा रक्तस्राव गोळी थांबवल्यामुळे येतो, तो मुलीच्या स्वतःच्या चक्राचा नसतो. म्हणून वहीत त्या तारखा वेगळ्या शाईने लिहाव्यात, आणि उपचार संपल्यावर पुढच्या तीन पाळ्यांची अंतरे पुन्हा पहिल्यापासून मोजावीत.